पाकिटातली अळंबी : वाळक्या नमुन्यावरून जात कशी ओळखायची

मी प्राध्यापक नाही. साताऱ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३३ वर्षं लॅब असिस्टंट होतो. १९८६ ला लागलो, २०१९ च्या जूनमध्ये सुटलो. आमच्या मॅडमचा विषय बुरशी. पावसाळा लागला की त्या यवतेश्वर, कास, बामणोली, ठोसेघर, पार कोयनेच्या कडेपर्यंत फिरायच्या आणि टोपलीभर भूछत्रं घेऊन यायच्या. ती वाळवायची, पाकिटात घालायची, नंबर टाकायचे, हे माझं काम. पुढं त्यांचे डोळे थकले तेव्हा मायक्रोस्कोपला डोळा लावायचं कामही माझ्याकडं आलं. आज कपाटात सहाशेच्या वर पाकिटं आहेत. एमएस्सीची पोरं येतात, पाकीट उघडतात, आतला काळपट वाळका तुकडा बघतात आणि विचारतात, "काका, याचं नाव काय?" त्या पोरांसाठी हे लिहितोय.

हे सगळं नाव लावण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही. पाकिटातल्या तुकड्याशी ताडून बघून ताजी अळंबी कालवणात टाकायचा कुणाचा विचार असेल तर त्यानं पुढं वाचू नये.

चिठ्ठी आधी, नमुना नंतर

पाकीट हातात आलं की आधी वरची चिठ्ठी वाचायची. मोठ्यानं वाचायची. मॅडम तसं करायला लावायच्या आणि मला ते तेव्हा पोरखेळ वाटायचं. पण मोठ्यानं वाचलं की चिठ्ठीत काय नाही ते कानाला लगेच कळतं. तारीख, गाव, जागा, कशावर उगवलं होतं, आजूबाजूला कोणती झाडं, गोळा कुणी केलं, नंबर. हे झालं हाडूक. त्यावरचं मांस म्हणजे ताजेपणी दिसलेल्या गोष्टी : टोपीचा रंग, चिकट होती का कोरडी, वास, कापल्यावर रंग बदलला का, दूध आलं का, आणि बीजाणूंच्या छाप्याचा रंग.

यातलं काहीच वाळक्या तुकड्यात उरत नाही. बटाट्याच्या चकत्या उन्हात घातल्यावर संध्याकाळी जे दिसतं तेच इथं होतं. आठ सेंटिमीटरची टोपी तीनवर येते, पांढरं ते मातकट होतं, पिवळं ते तपकिरी होतं, लॅक्टॅरियसचं दूध आटतं. बोलेटसचं मांस कापल्यावर निळं झालं होतं की नाही, हे पाकीट जन्मात सांगणार नाही. त्या दिवशी वहीत लिहिलं असेल तर आहे, नाहीतर नाही. मी तर म्हणतो, अर्धी ओळख चिठ्ठीत असते आणि उरलेली अर्धी मायक्रोस्कोपच्या काचेवर.

"जमिनीवर उगवलेले" असं लिहिलेली आमच्याकडं चाळीसेक पाकिटं आहेत. ते लिहिणाऱ्याचा मला अजून राग येतो. जमिनीवर म्हणजे कुठं? वारुळावर? शेणावर? पाचोळ्यात? निलगिरीखाली? रसुला आणि अमॅनिटा यांच्या बहुतेक जाती ठरावीक झाडांच्या मुळांशी सोयरीक करून जगतात. मध्य भारतात साल वृक्षाखाली त्या भरपूर मिळतात. आपल्याकडच्या जांभूळ, अंजनी, हिरड्याच्या रानात तो प्रकार थोडा. पण वन खात्यानं लावलेल्या निलगिरीखाली, ऑस्ट्रेलियन बाभळीखाली बघितलं की पिसोलिथससारखी परदेशी झाडांबरोबर आलेली पाहुणी मंडळी सापडतात. शेजारी कोणतं झाड होतं एवढे दोन शब्द लिहिले असते तर पुढच्या माणसाचे चार दिवस वाचले असते.

जुनी चिठ्ठी चुकीची वाटली तरी खोडायची नाही, फाडायची नाही, त्यावर लिहायचं नाही. तुमचं मत वेगळ्या चिठ्ठीवर, तुमच्या नावानं आणि तारखेनं. आमच्या एका पाकिटात अशा चार चिठ्ठ्या आहेत, चौघांची चार मतं. त्यातली तिसरी माझी आहे आणि ती चुकलेली आहे. तीही तिथंच आहे.

हातमोजे घाला. जुन्या संग्रहांत कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायची पद्धत होती. ते पाऱ्याचं विष आहे आणि वर्षानुवर्षं जात नाही. कुठलं पाकीट कधीचं आणि त्याला काय लावलंय हे माहीत नसेल तर लावलंय असंच धरून चालायचं. पाकिटात पिवळट भुगा दिसला तर ते विष नव्हे, ती कीड. असं पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं. डांबरगोळ्यांनी कसर लांब राहते, पण आतली अळी मरत नाही.

वाळवण

नवीन नमुने वाळवायचे असतील तर तापमान ४० ते ४५ अंश, आणि हवा खेळती पाहिजे. साताऱ्यात जुलैत ऊन कुठलं? मी पत्र्याच्या पेटीत खाली ६० वॉटचे दोन बल्ब लावून वर गव्हाची चाळण ठेवायचो. पेटीला बाजूनं भोकं. मोठी टोपी उभी चिरायची. रात्रभरात नमुना पापडासारखा वाजला पाहिजे, वाकला तर परत आत. घाई करून आच वाढवली तर भूछत्र वाळत नाही, शिजतं, आणि शिजलेल्याच्या पेशी पुन्हा फुलत नाहीत. वाळवण्याआधी एक टोपी अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाकायची. सकाळी छापा तयार. तो कागद घडी करून त्याच पाकिटात.

आणि अभयारण्यातून, राखीव जंगलातून काहीही उचलायच्या आधी वन खात्याची लेखी परवानगी. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथं फुलालाही हात लावायचा नाही आणि छत्रीलाही नाही.

कपाटाच्या वरच्या फळीवर फॉर्मॅलिनच्या बरण्या आहेत, मॅडमच्याही आधीच्या. त्यांत पांढरी पडलेली भूछत्रं तरंगतात, बघायला छान. त्यांचा रंग गेलेला आणि डीएनएही बिघडलेला. बीजाणू मोजता येतात, तेवढाच उपयोग. खिडकी उघडून, चिमट्यानं तुकडा काढून, पाण्यात दोन-तीनदा धुऊन मगच स्लाइडवर घ्यायचा. डोळे चुरचुरायला लागले की बाहेर जाऊन चहा प्यायचा.

भिंगाखाली

मायक्रोस्कोप लावायची घाई करू नका. दहापट भिंग घ्या आणि वाळका नमुना खिडकीच्या उजेडात फिरवून बघा. टोपीच्या खाली गिल्स, म्हणजे पातळ उभ्या पात्या आहेत, छिद्रं आहेत की काटे? गिल्स देठाला चिकटलेल्या की सुट्या? देठावर बांगडी आहे का, निदान तिचा चुरगळलेला अवशेष? बुडाशी पेल्यासारखी खोळ? खोळ वाळल्यावर देठाला कागदासारखी चिकटून बसते आणि पुष्कळांना दिसतच नाही. बूड मोडलेलं असेल तर पाकिटाच्या कोपऱ्यातला चुरा झटकून बघा. चुरा कधीही फेकायचा नाही.

लाकडावरच्या कडक बुरशींचं काम इथं सोपं असतं, कारण त्या फारशा आकसत नाहीत. पट्टी लावून एका मिलिमीटरमध्ये किती छिद्रं येतात ते मोजा, चार-पाच जागी. मायक्रोपोरस झँथोपस, म्हणजे ती पातळ तपकिरी वर्तुळांची, पिवळ्या पायाची सुरेख नरसाळी, कोयनेकडच्या पडलेल्या फांद्यांवर सगळीकडं असते. तिची छिद्रं नुसत्या डोळ्याला दिसतच नाहीत, खालची बाजू गुळगुळीत वाटते. पोरं तिला म्हणूनच गिल्सही नाहीत, छिद्रंही नाहीत अशा तिसऱ्याच खान्यात टाकतात.

मग पोटॅशचा एक थेंब. पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, काडीनं, नमुन्याच्या कोपऱ्यावर. तपकिरी मांस लगेच काळं पडून तसंच राहिलं तर फेलिनस आणि त्याच्या भावकीकडं वळा. आपल्याकडचा फणसांबा याच भावकीतला, फणसाच्या खोडावरचा. लहान बाळाचं तोंड आलं की आजी सहाणेवर उगाळायची तो. एका पाकिटावर "गॅनोडर्मा, फणस" असं लिहिलं होतं. गॅनोडर्मा ही लाकडावरचीच दुसरी कडक बुरशी. थेंबानं काळं झालं, मायक्रोस्कोपखाली छिद्रांच्या आत तपकिरी टोकदार काटे दिसले, आणि गॅनोडर्मा बाद झाला.

काचेवर

आता खरं काम. गिलचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यायचा, जास्त नाही. पाकिटातला माल संपतो, नवा मिळत नाही. दाढीच्या नव्या ब्लेडनं, तुकडा कोरडा असतानाच, आडवे पातळ काप काढायचे. वनस्पतीच्या खोडाचे काप घेताना आपण गाजरात धरून कापतो, पण वाळकं गिल तसं धरलं की ओलावा लागून लगदा होतो. कोरडंच कापा. पहिले वीस काप जाड येतील. येऊ द्या. माझे पहिले दोन महिने जाडच आले.

काप स्लाइडवर घेऊन त्यावर ७० टक्के अल्कोहोलचा थेंब. यानं आतली हवा निघते. अर्ध्या मिनिटानं अल्कोहोल टिपकागदानं ओढून घ्यायचं आणि पोटॅशचा थेंब सोडायचा. चपटलेल्या पेशी तुमच्या डोळ्यांदेखत फुगायला लागतात, मनुका पाण्यात पडल्यासारख्या. हे बघायला मला ३३ वर्षांत कंटाळा आला नाही. मग काँगो रेडचा रंग, कव्हरस्लिप, आणि पेन्सिलीच्या मागच्या रबरानं हलकी टिचकी. जोरानं दाबलं तर काच फुटते, हलकं दाबलं तर पेशी एकमेकींपासून सुटतात.

बघायच्या गोष्टी चार. पहिली, गिलच्या गाभ्यातले तंतू कसे जातात. मधोमध भांग पाडल्यासारखे दोन्हीकडं वळत असतील तर अमॅनिटा. उलट, कडांकडून मध्ये झुकत असतील तर प्लुटियस किंवा व्होल्व्हॅरिएला. सरळ समांतर असतील तर बाकीचे बरेचजण. तंतूंच्या जोडीला साबुदाण्यासारख्या गोल पेशींचे घोस दिसले तर रसुला किंवा लॅक्टॅरियस. दुसरी, गिलच्या कडेवर आणि बाजूवर वेगळ्या आकाराच्या मोठ्या पेशी आहेत का. त्यांना सिस्टिडिया म्हणतात. तिसरी, टोपीची साल. चौथी, बीजाणू. पोरं चौथ्यापासून सुरुवात करतात आणि तिथंच संपवतात.

यानंतर मेल्झर. आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड, क्लोरल हायड्रेट आणि पाणी यांचं हे द्रावण. क्लोरल हायड्रेट मिळवणं सोपं नाही. ते नसेल तर साध्या लुगॉल आयोडीनवर निळ्या रंगाची तपासणी बऱ्यापैकी होते. उत्तरं तीन : बीजाणू निळे-काळे झाले, विटकरी तांबडे झाले, किंवा नुसते पिवळट राहिले. रसुलाच्या बीजाणूंवरचे काटे निळे-काळे होतात आणि एकदम उठून दिसतात. लेपिओटाचे बहुतेक विटकरी. मात्र पोटॅशमधला काप तसाच मेल्झरमध्ये टाकायचा नाही. क्लोरल हायड्रेटची आणि पोटॅशची गाठ पडली की द्रावण गढूळ होतं आणि काहीही दिसत नाही. पाण्यानं दोनदा धुवा, नाहीतर नवा काप घ्या.

मोजमाप

तुमच्या आयपीसमधल्या पट्टीचा एक भाग किती मायक्रॉनचा, हे तुमच्याच मायक्रोस्कोपवर, प्रत्येक लेन्ससाठी ठरवायचं. स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडवर, एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एक भाग दहा मायक्रॉन. त्यावरून त्रैराशिक. शेजारच्या कॉलेजातून आकडा उसना आणायचा नाही. आमच्याकडं एका पोराच्या सगळ्या प्रबंधात बीजाणू अडीचपट मोठे होते, कारण त्यानं चाळीसच्या लेन्सचा आकडा शंभरच्या लेन्सला लावला होता. आकडे इतके सुबक होते की कुणाला शंकाच आली नाही.

शंभरच्या, म्हणजे तेलाच्या लेन्सखाली निदान तीस बीजाणू मोजा. गिलवर अजून चिकटलेले नकोत, ते कच्चे असतात. पाकिटात छापा असेल तर छाप्यातलेच घ्या. बाजूनं पडलेला बीजाणू मोजायचा, त्याच्या बुडाचा छोटा टोकेरी दांडा सोडून. लांबीला रुंदीनं भागून येणारा आकडाही लिहा. एकच्या जवळ म्हणजे गोल, दीड म्हणजे अंड्यासारखा, दोनच्या वर म्हणजे लांबट. सरासरी लिहा आणि दोन्ही टोकंही लिहा. नुसती सरासरी म्हणजे लग्नात जेवायला किती आले ते सांगून घरची किती, पाहुण्यांची किती हे लपवणं.

दोन पाकिटं आणि एक खोटं नाव

हे सगळं कसं जुळतं ते दोन पाकिटांवरून सांगतो.

पहिलं पाकीट. चिठ्ठीवर "मॅक्रोलेपिओटा प्रोसेरा, सातारा, मैदानावरचं गवत, जुलै". हे नाव युरोपातल्या खाण्याच्या प्रसिद्ध भूछत्राचं. बहुधा कुणीतरी परदेशी पुस्तकातलं चित्र बघून लावलेलं. नमुन्यात मोठी टोपी, वर तपकिरी खवले, देठावर सुटी बांगडी. चित्राशी जुळतं, खोटं नाही. पण गिल्सवर एक मळकट हिरवी झाक होती. पाकिटाच्या तळाशी छापा निघाला, घडीत दडलेला, तोही राखाडी-हिरवा. प्रोसेराचा छापा पांढरट असतो. बीजाणू जाड भिंतीचे, टोकाला छाटल्यासारखे, मेल्झरमध्ये विटकरी. माझी मापं ९ ते ११.५ गुणिले ६.५ ते ८ मायक्रॉन. ते होतं क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, गवतावर उगवणारं, खाल्लं तर उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवं करणारं. हिरवा छापा देणारी भूछत्रं फार थोडी आहेत, म्हणून त्या एका कागदानं निकाल लागला. कागद नसता तरी लागला असता, पण वेळ गेला असता.

दुसरं पाकीट अवघड. चिठ्ठी : "अळंबी, बामणोली रस्ता". नमुन्यात राखट टोपी, मध्ये टोचणारं टोक, देठ खालून सपाट कापलेला. बीजाणू गुलाबी छटेचे, गुळगुळीत, मेल्झरला दाद न देणारे. गुलाबी बीजाणूंची तीन घराणी डोळ्यासमोर ठेवा. एंटोलोमाचे बीजाणू कोनदार, जणू कुणी चाकूनं पैलू पाडलेत. प्लुटियसचे गुळगुळीत, पण गाभ्यातले तंतू मध्ये झुकलेले. टर्मिटोमायसिसचे गुळगुळीत आणि तंतू सरळ. आमचा तिसरा. टर्मिटोमायसिस म्हणजे वाळवीच्या घरातली, आपली खास अळंबी. वाळवी वारुळात तिची शेती करते आणि पावसात ती खालून लांब मुळीवर उगवून वर येते.

पण टर्मिटोमायसिस ही झाली प्रजाती, म्हणजे जातींचं घराणं. त्यातली जात कुठली? तिथं गाडी अडली. जात ठरवायला ती मुळी पाहिजे, तिची लांबी, तिचा रंग. देठावर जाड टिकाऊ बांगडी असती तर टर्मिटोमायसिस हाइमी म्हणायला वाव होता. नखाएवढ्या टोपीची, वारुळातून बाहेर टाकलेल्या मातीवर घोळक्यानं येणारी, मुळी नसलेली असती तर मायक्रोकार्पस. इथं मुळी कापलेली, कारण ज्यानं आणली त्यानं ती भाजीसाठी उपटावी तशी वरच्यावर खुडली होती. चिठ्ठीत वारुळाचं नावही नाही. मी नवीन चिठ्ठीवर लिहिलं : टर्मिटोमायसिस, जात ठरत नाही, मुळी नाही. एका सरांनी नंतर विचारलं, "एवढं करून फक्त प्रजाती?" हो, एवढं करून.

या नावांचीही गंमत आहे. टर्मिटोमायसिस ही प्रजाती हाइम या फ्रेंच अभ्यासकानं १९४२ मध्ये मांडली. पण तिच्यातल्या युरायझस या जातीला नाव मिळालं होतं १८४७ मध्ये, तेही बर्कले नावाच्या इंग्लंडातल्या पाद्र्याकडून, सिलोनहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे आपल्या वारुळावरच्या अळंबीचं बारसं पाकिटातल्या वाळक्या मालावरूनच झालं. म्हणून आपल्याकडच्या नमुन्याला युरोपातल्या खिशातल्या पुस्तकापेक्षा श्रीलंकेवरचं, केरळवरचं काम जास्त उपयोगी पडतं. पेगलर यांनी १९८६ मध्ये श्रीलंकेच्या गिल्सवाल्या भूछत्रांवर जे प्रसिद्ध केलं, त्यात अशा जुन्या नमुन्यांची पुन्हा तपासणी आहे. आमच्या मॅडमकडं त्याची झेरॉक्स होती, तेलाच्या डागांनी भरलेली.

खोटं नाव म्हणजे गॅनोडर्मा ल्युसिडम. आमच्या कपाटात या नावाची अठ्ठावीस पाकिटं होती. लाखेसारखी चकाकी दिसली की ल्युसिडम, असा रिवाज. पण ल्युसिडम हे नाव १७८१ मध्ये इंग्लंडातल्या नमुन्यावरून दिलेलं. चीनमधल्या औषधी लिंगझीलाही वर्षानुवर्षं तेच नाव चिकटलं होतं, २०१२ मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी हे वेगळं नाव दिलं गेलं. मग शिरवळच्या बाभळीच्या खुंटावरचा चकचकीत तुकडा ल्युसिडम कसा? बीजाणू बघितले की गॅनोडर्मा नक्की : दुहेरी भिंत, मध्ये खांब, टोक छाटलेलं. त्यापुढं जायला डीएनए लागतो.

डीएनएचं थोडक्यात. बुरशीसाठी आयटीएस हा डीएनएचा तुकडा २०१२ पासून अधिकृत बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, मानतात. नीट वाळवलेल्या गिलचा चिमूटभर तुकडा पुरतो. जुन्या पाकिटात डीएनए तुटलेला असतो, तेव्हा आयटीएसचा छोटा भाग तरी मिळतो का ते बघतात. उत्तर आलं की ते संगणकातल्या साठ्याशी ताडतात. त्या साठ्यातही कुणीतरी लावलेली चुकीची नावं आहेत, ल्युसिडम तर ढिगानं. यंत्रानं सांगितलं म्हणून काचेवर बघायचं सोडू नका.

सांगलीचा पूर

मी निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. ऑगस्ट २०१९, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर तिथल्या एका कॉलेजातून फोन आला. वनस्पतिशास्त्राचं कपाट तळमजल्यावर, खालच्या तीन फळ्या चार दिवस पाण्यात. दोनशे पाकिटं, चिखल, आणि वाळक्या भूछत्रांवर उगवलेली पांढरी बुरशी. बुरशीवर बुरशी. तिथल्या परिचरानं हसायचा प्रयत्न केला, मग गप्प झाला.

असं झालं तर काय करायचं ते सांगतो. वाळवायची घाई नको, सगळं एकदम वाळवता येत नाही आणि वाट बघणारं कुजतं. प्रत्येक पाकीट उघडण्याआधी त्याचा नंबर दिसेल असा फोटो. मग ओलं तसंच पिशवीत घालून गोठवायचं. आम्ही एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर मागितला, ऑगस्टात तो रिकामाच होता. नंतर रोज दहा-दहा पाकिटं काढून ४० अंशांवर, पंख्यासमोर. चिठ्ठी आणि नमुना कधीही वेगळे ठेवायचे नाहीत, शेजारी शेजारीच वाळवायचे.

शाईच्या पेनाची अक्षरं गेली. जेल पेनाची त्याहून आधी गेली. बॉलपेनची फिकट झाली पण वाचता आली. पेन्सिलीची जशीच्या तशी. तेव्हापासून माझ्या खिशात एचबी पेन्सिल असते. आणि भूछत्रांचं कपाट तळमजल्यावर ठेवायचं नाही, ठेवलंच तर खालच्या दोन फळ्यांवर ग्लासवेअर.

दोनशेपैकी नव्वदेक पाकिटं कामाची राहिली. त्यातल्या अकरांच्या चिठ्ठ्या पूर्ण कोऱ्या झाल्या. नमुना धड, बीजाणू धड, पण कुठून आला, कधी आला, काही नाही. अशा नमुन्याला प्रजातीपर्यंत नाव देता येतं, शिकवायला वापरता येतं, पण नोंदीत धरता येत नाही.

नाव लिहिताना

चिठ्ठीवर पेन्सिलीनं प्रजाती, जात, तुमचं नाव, तारीख आणि एका ओळीत कशावरून. "छापा हिरवा, बीजाणू टोक छाटलेले, मेल्झर विटकरी" एवढं पुरे. शंका असेल तर नावाच्या मागं प्रश्नचिन्ह. जात जुळत नसेल, आपल्याकडं कुणी नोंदवलेलीच नाही असं वाटत असेल, तर उड्या मारू नका. आधी त्या जातीच्या मूळ वर्णनाशी, जमलं तर मूळ नमुन्याशी ताडा. मग अर्धा नमुना पुण्याला आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर संग्रहात द्या, तिथला नंबर घ्या. नवीन जात जाहीर करायची तर २०१३ पासून नावाची नोंदणी करून क्रमांक घेतल्याशिवाय ते नाव ग्राह्य धरत नाहीत, आणि वर्णन इंग्रजी किंवा लॅटिनमध्ये द्यावं लागतं. मूळ नमुना कुठं ठेवलाय तेही लिहावं लागतं. म्हणजे शेवटी परत पाकीटच.

काम झालं की वापरलेली स्लाइड फेकू नका, कडेला नेलपॉलिश लावून सील करा आणि नंबर टाकून ठेवा. महिनाभर टिकते, दुसऱ्या कुणाला दाखवता येते. पाकीट होतं त्याच जागी परत.

आमच्या कपाटात खालून तिसऱ्या फळीवर एक बुटांचं खोकं आहे. त्यात नाव न ठरलेली पाकिटं, त्रेसष्ट. ल्युसिडमची अठ्ठावीसही आता तिथंच आहेत, नुसतं गॅनोडर्मा लिहून. सरकारी समिती आली की साहेब मंडळी ते खोकं मागं सरकवायला सांगायची. तुम्ही पहिल्यांदा याल तेव्हा मी तेच पुढं काढीन. बामणोलीची ती कापलेल्या मुळीची अळंबी त्यात वरच आहे. आणि यंदा जुलैत त्या रस्त्याला कुणी जाणार असेल तर कुदळ घेऊन जा, परवानगीचा कागद घेऊन जा, आणि मुळी तळापर्यंत खणून आणा.